कानात घातलं का नेट जाते

"मामा, कानात घातलं का नेट जाते. काढलं का येते."

भाच्याने फोनवर एवढंच सांगितलं आणि मला हसू आलं. तो स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, लेक्चरं ऑनलाइन पाहतो, आणि घरात लहान पोरं असल्यामुळे ब्लूटूथचे इअरफोन लावून बसतो. इअरफोन काढून लॅपटॉपच्या भोंग्यावर ऐकलं तर व्हिडिओ सुरळीत. इअरफोन जोडले की चाक गरगरायला लागतं. ताईच्या मते लॅपटॉप म्हातारा झाला होता. केबलवाल्याच्या मते सगळा दोष लॅपटॉपचाच होता. पोराला नवा हवा होता, हे वेगळं सांगायला नको. रविवारी मी घाट उतरून रोहिणखेडला गेलो.

रोहिणखेड मोताळा तालुक्यातलं, डोंगराच्या अगदी पायथ्याचं गाव. खानदेशातून वऱ्हाडात शिरणाऱ्या फौजांना इथूनच घाट चढावा लागे, म्हणून इतिहासात या गावाचं नाव दोन लढायांनी आलं आहे. १४३७ साली खानदेशच्या नासिरखान फारुकीला बहमनी सेनापती खलफ हसनने इथे हरवलं. पुढे दीडशे वर्षांनी अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशाह आणि जमालखान इथेच भिडले आणि जमालखान पडला. गावातली जुनी मशीद १५८२ ची. ताईचं घर एवढं जुनं नाही, पण पुढच्या दोन खोल्यांच्या भिंती हातभर जाड आहेत आणि मागच्या खोलीवर टिनपत्रे. हे घराचं वर्णन पुढे कामाला येणार आहे.

आधी मोजमाप केलं. राउटरच्या खोलीत बसून माझ्या मोबाईलवर ३८ एमबीपीएस वेग आला. प्लॅन ४० चा, म्हणजे केबलवाला प्रामाणिक. त्याच जागी लॅपटॉपवर २४. भाच्याने इअरफोन जोडले, पुन्हा मोजलं: ३, मग २, मग चाचणीच अडकली. पोराचं निदान तंतोतंत बरोबर होतं. मलाच हसायला नको होतं.

घरातलं वाय-फाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ब्लूटूथला मात्र एकच पट्टा माहीत, २.४ चा. त्यात तो सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत उड्या मारत असतो. आता लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ ही दोन यंत्रं नसतात. अंगठ्याच्या नखापेक्षा जराशा मोठ्या एकाच कार्डावर दोघांचा संसार असतो. स्वस्त लॅपटॉपच्या कार्डाला अँटेनाही एकच दिलेला असतो. म्हणजे एक कान, आणि त्या कानाने दोघांचं ऐकायचं, तेही एकाच पट्ट्यातलं. मग कार्ड पाळ्या लावतं: थोडा वेळ इअरफोनचा, थोडा वेळ राउटरचा. इअरफोनला आवाज अखंड पुरवावा लागतो, त्यामुळे राउटरची पाळी आखडते. पाळी चुकली की राउटरने पाठवलेला तुकडा हरवतो. तुकडे हरवायला लागले की राउटरला वाटतं, समोरच्याला ऐकू येत नाही, आणि तो सावकाश बोलायला लागतो. सावकाश बोललं की तोच मजकूर जास्त वेळ खातो, पाळी आणखी अपुरी पडते. ही घसरगुंडी सुरू झाली की ४० च्या प्लॅनमधून २ एमबीपीएस हाती लागतात.

माझ्या मोबाईलला दोन्ही पट्टे येतात. इअरफोन लावला तरी तो ५ गिगाहर्ट्झवर निवांत बसतो.

लॅपटॉपला ५ येतं की नाही हे पाहायला तो उघडावा लागत नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरखाली कार्डाचं नाव असतं. भाच्याच्या कार्डाच्या नावात शेवटी 'बीजीएन' अशी अक्षरं होती. ही अक्षरं म्हणजे वाय-फायच्या पिढ्या: बी १९९९ ची, जी २००३ ची, एन २००९ ची. त्यांच्यात 'ए' किंवा 'एसी' नसेल तर कार्ड फक्त २.४ वालं, असं खुशाल समजावं. दुसरी खूण लिंक स्पीडची. तो इंटरनेटचा वेग नसतो. कार्ड आणि राउटर यांच्यात ठरलेला बोलण्याचा वेग असतो. राउटरशेजारी बसूनही तिथे ७२ दिसत असेल तर अँटेना बहुधा एकच, १४४ दिसलं तर दोन. ४३३ किंवा ८६६ दिसलं तर कार्ड एसी पिढीचं, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ जाणणारं. त्याला हात लावायचं कारण नाही. आमच्याकडे ७२ होतं. लॅपटॉप म्हातारा नव्हता, बहिरा होता.

आता कार्ड बदलायचं. इथे मला माझी स्वतःची फजिती आठवली. काही वर्षांपूर्वी मी माझ्या लॅपटॉपमध्ये असंच नवं कार्ड बसवलं, झाकण लावलं, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ: अनधिकृत नेटवर्क कार्ड बसवलंय, काढून टाका. विंडोजपर्यंत गाडी गेलीच नाही. कंपनीचं नाव घेत नाही, पण त्या काळात काही कंपन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मंजूर कार्डांची यादीच घालून ठेवत. यादीत नाव नसेल तर लॅपटॉप चालूच होणार नाही. कारण असं देत की कार्ड आणि अँटेना यांची जोडी सरकारी परवान्यासाठी मिळून तपासलेली असते. ते खोटं नाही. आपल्याकडेही रेडिओ लहरी सोडणाऱ्या उपकरणाला दूरसंचार खात्याच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगची मान्यता लागते. पण त्या यादीमुळे ग्राहकाला कंपनीचंच महाग कार्ड घ्यावं लागे, हेही खोटं नाही. आता ही पद्धत बरीच मागे पडली आहे. तरीही जुन्या लॅपटॉपचं मॉडेल आणि आपल्याला हवं ते कार्ड यांची जोडी आधी कुणी जमवली आहे का, हे विकत घेण्यापूर्वी शोधावं. मी ते केलं नव्हतं. ते कार्ड अजून माझ्या कपाटात आहे.

भाच्याच्या लॅपटॉपला अशी यादी नव्हती. मागचं झाकण काढून आतली खाच पाहिली. साधारण २०१५ च्या आधीच्या लॅपटॉपांत मिनी पीसीआय एक्सप्रेस नावाची खाच असते. तिचं अर्धं कार्ड जवळजवळ चौकोनी, ३० मिलिमीटर रुंद आणि २७ च्या आसपास लांब. नंतरच्यांत एम.२ खाच, कार्डावर २२३० असा आकडा: २२ मिलिमीटर रुंद, ३० लांब. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. अँटेनाच्या तारांची टोकंही एम.२ मध्ये बहुतेक आणखी बारीक असतात. आणि अलीकडच्या कित्येक पातळ लॅपटॉपांत कार्ड बोर्डावरच डाखलेलं असतं, तिथे हा लेख उपयोगाचा नाही. आमची खाच एम.२ निघाली.

कार्ड मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणलं, कामानिमित्त गेलो होतो तेव्हा. दुकानातल्या पोराने दोन कार्डं पुढे टाकली, दिसायला जुळी. एकावर एएक्स२१०, दुसऱ्यावर एएक्स२११, दुसरं स्वस्त. "साहेब, एक नंबर पुढचंच आहे," म्हणाला. इथे भलेभले फसतात. २०१७-१८ पासून इंटेलने वाय-फायचं डोकं, म्हणजे हिशेब करणारा भाग, आपल्या प्रोसेसरच्या बाजूच्या चिपमध्ये हलवलं आणि कार्डावर फक्त रेडिओ ठेवला. अशी कार्डं स्वस्त पडतात, पण ती इंटेलच्या त्याच जातीच्या नव्या लॅपटॉपांतच चालतात. जुन्या लॅपटॉपात किंवा एएमडीच्या मशीनमध्ये ती खाचेत मापाने बसतात आणि मुकी राहतात. लक्षात ठेवायला सोपं: शेवटी शून्य असेल, एएक्स२००, एएक्स२१०, बीई२००, तर डोकं कार्डावरच, शेवटी एक असेल, एएक्स२०१, एएक्स२११, तर डोकं दुसरीकडे. त्याआधीच्या पिढीत हा नियम मोडतो, तिथे ९२६० पूर्ण आणि ९५६० अर्धं. मी शून्यवालं घेतलं, दोन हजारांच्या आत.

कार्ड खिशात घालून परत येताना कल्याण स्टेशन लागलं आणि एक गोष्ट आठवली, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५३ मध्ये गोविंद स्वरूप नावाचा तरुण ऑस्ट्रेलियात सिडनीला सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत रेडिओ खगोलशास्त्र शिकायला गेला. तिथल्या सहा फुटी ३२ तबकड्या पुढे भारताला मिळाल्या आणि १९६५ मध्ये स्वरूपांनी त्या कल्याणला मांडून सूर्याचं निरीक्षण सुरू केलं. त्यांनीच नंतर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण उभी केली. त्याच सीएसआयआरओमधला दुसरा एक रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, जॉन ओसलिव्हन. स्टीफन हॉकिंगने भाकीत केलेल्या, स्फोट होऊन संपणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे रेडिओ संकेत तो शोधत होता. ते सापडले नाहीत. पण अवकाशातून विस्कटून येणारे क्षीण संकेत पुन्हा जुळवायचं जे गणित त्याच्या हाती बसलं, ते १९९० च्या दशकात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरातल्या बिनतारी जोडणीला लावलं. त्याचं अमेरिकन पेटंट १९९६ चं.

अडचण प्रतिध्वनीची होती. राजूर घाटात वळणावर हाक मारली की समोरच्या डोंगरावरून ती परत येते. हळू एक शब्द म्हटला तर कळतो, भराभर बोललात तर मागचा शब्द पुढच्यावर चढतो आणि नुसता गोंगाट होतो. खोलीत रेडिओ लहरींचं हेच होतं. सरळ आलेली लहर, भिंतीवरून आलेली, पत्र्यावरून आलेली, सगळ्या किंचित मागेपुढे पोचतात. उपाय असा काढला की एकाने भराभर बोलायचंच नाही. मजकूर वाटून द्यायचा, आणि बावन्न जणांनी वेगवेगळ्या सुरात, सावकाश, एकाच वेळी बोलायचं. प्रत्येकाचा शब्द लांब, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर फारसा चढत नाही. ऐकणाऱ्याने सूर वेगळे करून सगळं पुन्हा जोडायचं. हे वेगळं करणं सेकंदाला लक्षावधी वेळा करावं लागतं, आणि ते एका चिपवर स्वस्तात बसवता आलं म्हणून वाय-फायचा वेग वाढला. 'ए' आणि 'जी' पिढीपासून पुढचं सगळं वाय-फाय याच वाटेने गेलं आहे. माझ्या खिशातल्या कार्डातही तीच मंडळी, संख्येने खूप वाढलेली.

तर, रोहिणखेड. ताईने ओसरीवर चटई टाकून दिली.

पहिलं काम लॅपटॉपला हात लावायच्या आधीचं. नव्या कार्डाचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचा. कार्ड बदलल्यावर नेट नसतं, आणि नेटशिवाय ड्रायव्हर मिळत नाही. या विहिरीत पडलेली बरीच माणसं मला माहीत आहेत. मग लॅपटॉप झोपवायचा नाही, पूर्ण बंद करायचा. चार्जर काढायचा. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यावर झाकणाचा आकार काढला आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचत गेलो. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो बोर्डात घुसतो. झाकण निघाल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवली. अंगात साठलेली वीज जावी म्हणून अंगणातल्या नळाच्या लोखंडी तोटीला हात लावून आलो. भाच्याला ही अंधश्रद्धा वाटली. कोरड्या हवेत पॉलिस्टरचा शर्ट घालून बसलेल्या माणसाच्या बोटातून उडणारी ठिणगी आपल्याला जाणवतही नाही, पण चिप मारायला ती पुरते.

जुनं कार्ड एका इवल्याशा स्क्रूने धरलेलं. त्यावर दोन सोनेरी टिकल्यांना जागा, पण टिकली एकच, आणि तिच्यात एक काळी तार. ही तार बिजागरीतून वर पडद्याच्या चौकटीत जाते, कारण अँटेना तिथे, झाकणाच्या कडेला असतो. झाकण उघडलं की तो उंचावर येतो. कार्डाजवळ, खाली कीबोर्डच्या पोटात ठेवला असता तर अर्धा वेळ आपल्या हातांनी आणि मांडीने झाकला गेला असता. १९९९ मध्ये अॅपलच्या आयबुकमध्ये अँटेना असा आत दडवलेला होता. बाकी जग तेव्हा लॅपटॉपच्या कुशीत खुपसलेलं, बाहेर डोकावणारं कार्ड वापरत होतं. २००३ मध्ये इंटेलच्या सेंट्रिनोने कार्ड सरसकट पोटात नेलं.

माझी काळजी दुसऱ्या तारेची होती. नव्या कार्डाला दोन लागतात. कित्येक कंपन्या पैसे वाचवायला अँटेनाच एक घालतात, आणि मग दोन कानांचं कार्ड घालूनही ऐकणारा कान एकच उरतो. बिजागरीजवळ बोट फिरवलं. काळ्या चिकटपट्टीखाली काहीतरी जाड लागलं. पट्टी नखाने उचलली तर पांढरी तार, टोकाला पारदर्शक नळीची टोपी घालून गुंडाळून ठेवलेली. कारखान्यातून निघाल्यापासून ती तशीच झोपून होती. भाचा म्हणाला, "हे आपलंच होतं आणि आपल्याले मालूम नव्हतं!"

टोपणासारखं ते टोक काढताना तार ओढायची नाही. टोकाच्या कडेखाली नख घालून सरळ वर उचलायचं. लावताना टिकलीवर बरोबर मध्ये ठेवून बोटाने दाबायचं, बारीक टक् असं जाणवतं. तिरकं दाबलं तर आतली सुई वाकते. ही टोकं साधारण तीसेक वेळा काढघाल करण्याइतकीच बनवलेली असतात, तेव्हा उगाच हौस नको. पांढरी मुख्य, काळी दुय्यम, असं बऱ्याच लॅपटॉपांत असतं. कार्डावरच्या त्रिकोणांच्या खुणा पाहाव्यात. उलट लागली तरी काही जळत नाही. कार्ड खाचेत तिरकं सरकवलं, खाली दाबलं, स्क्रू लावला. पुठ्ठ्यावरचे स्क्रू परत झाकणात.

लॅपटॉप सुरू झाला. पेनड्राइव्हवरून आधी वाय-फायचा ड्रायव्हर, मग ब्लूटूथचा वेगळा. एकाच कार्डावर असूनही ब्लूटूथ आतून यूएसबीच्या वाटेने जोडलेलं असतं, म्हणून त्याचं खटलं निराळं. पहिला घातला आणि दुसरा विसरला की माणूस म्हणतो, कार्ड खराब निघालं.

लिंक स्पीड ८६६. भाच्याने इअरफोन जोडले आणि चाचणी लावली: ३८. पुन्हा: ३८. तो जरा हिरमुसला, कारण ८६६ पाहून त्याला वाटलं होतं, नेटही तेवढं धावेल. प्लॅन ४० चा आहे बाबा, कार्ड बदलून केबलवाल्याचा नळ मोठा होत नाही. आपण विकत घेतला तो एवढाच फरक, की कानात काही असो वा नसो, ३८ चे ३८ मिळतात. माझ्या मते दोन हजारांत तेवढं पुष्कळ आहे. पंचवीस-तीस हजारांचा नवा लॅपटॉप घेऊनही याहून वेगळं काही झालं नसतं.

कार्डावर सहा गिगाहर्ट्झचीही सोय आहे, पण तिचा आम्हाला उपयोग नव्हता. राउटरला तो पट्टा येत नाही. शिवाय कुठल्या पट्ट्यात बिनपरवाना बोलायचं हे प्रत्येक देशाचं सरकार ठरवतं आणि कार्ड ते निमूट पाळतं. आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ मध्ये मोकळा झाला, ५ चा २०१८ च्या ऑक्टोबरात घराबाहेरही वापरण्याइतका ऐसपैस झाला, आणि ६ च्या खालच्या भागासाठी नियमांचा मसुदा आला तो २०२५ च्या मे महिन्यात.

चहा झाल्यावर भाचा लॅपटॉप उचलून मागच्या खोलीत गेला, कारण अभ्यासाची जागा ती. आणि तिथून हाक आली, "मामा, इथं जसंच्या तसं!"

झालं असं की ५ गिगाहर्ट्झची लहर आखूड, सहा सेंटीमीटरच्या आतबाहेर, २.४ ची तिच्या दुप्पट लांब. आखूड लहर जाड भिंतीत लवकर दमते. शहरातल्या फ्लॅटमध्ये भिंती चार-सहा इंचाच्या आणि शेजाऱ्यांचे वीस राउटर २.४ वर कल्ला करत असतात, तिथे ५ वर पळून जाणं फायद्याचं. रोहिणखेडला उलट. शेजाऱ्यांचा कल्ला नाही, पण मधे हातभर जाडीच्या दोन भिंती. मागच्या खोलीत पोचेपर्यंत ५ चा संकेत संपला, कार्ड आपोआप २.४ वर उतरलं, आणि इअरफोनशी तेच जुनं भांडण सुरू. दुसऱ्या तारेमुळे आधीपेक्षा बरं होतं, ३ च्या जागी ११, पण मनासारखं नव्हतं.

मी राउटर कुठे आहे ते पाहायला गेलो. केबलवाल्याने तो पुढच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चार्जरांच्या जंजाळात ठेवला होता. वायर तिथपर्यंतच पुरत होती म्हणे. रेडिओ लहरीला लोखंडी पत्रा म्हणजे बंद दार. मी वायर सोडवली, भिंतीकडेने वर नेली, आणि राउटर दोन खोल्यांमधल्या दाराच्या वर, देवळीत ठेवला. तिथून दार उघडं असलं की मागच्या खोलीपर्यंत सरळ नजर जाते. भाच्याने मागून आकडा ओरडून सांगितला: ३४. इअरफोन लावून.

मग तो दारात येऊन उभा राहिला. देवळीतल्या राउटरकडे पाहिलं, माझ्या हातातल्या जुन्या कार्डाकडे पाहिलं.

"मामा, मंग हे आधी काऊन नाही केलं?"